सहा पॉकेट, चोवीस घड्या आणि एक 'बांबू'चं पाकीट

आधी हे सांगतो की मी या लंगोट-डायपरच्या भानगडीत कसा पडलो. मी जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावात एका जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढतात त्या कारखान्यात, रुई बघायचं काम करतो. दिवाळीच्या आगेमागे सीझन सुरू होतो, एप्रिलात शेवटच्या गाठी निघाल्या की कुलूप लागतं आणि मी घरी. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत. मुलगी डिसेंबरात झाली, बायकोची १८० दिवसांची रजा जूनच्या सुरुवातीला संपली आणि लगेच शाळाही उघडली. घरात रिकामा माणूस मी एकटा. आई आहे, पण तिचे गुडघे तिला खाली बसू देत नाहीत. त्यामुळे शी-शूचं खातं माझ्याकडे आलं, ते अजून माझ्याकडेच आहे. पोरगी आता चौदा महिन्यांची झाली. या काळात जे जे विकत घेतलं, शिवून घेतलं, वाया घालवलं, त्याचा हा हिशेब. कुणी काही फुकट दिलेलं नाही.

पहिले दोन-अडीच महिने दिवसा आईच्या जुन्या सुती लुगड्याचे लंगोट आणि रात्री दुकानातलं डायपर असं चाललं होतं. मग हळूहळू दिवसाही डायपर सुरू झालं. पाहुणे आले, घाल डायपर. दवाखान्यात जायचं, घाल डायपर. फेब्रुवारीत मोजलं तर दिवसाला सहा जात होते. दहा रुपयाला एक धरला तरी महिन्याचे अठराशे. पैशाचं एक वेळ सोडा, पण आमच्या गल्लीत घंटागाडी रोज येतेच असं नाही. दोन दिवसांची पिशवी ओट्याच्या कोपऱ्यात ठेवली होती, ती रात्री कुत्र्यांनी फाडली. सकाळी समोरच्या काकूंच्या रांगोळीपर्यंत पांढरा चोथा पसरलेला. झाडू घेऊन मीच गोळा केला. सगळ्यांच्या देखत.

गोळा करताना तो चोथा बोटांत धरला आणि सवयीनं ओढून पाहिला. आमचं कामच ते. रुईचा पुंजका घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, धागे सरळ करायचे आणि लांबी बघायची. आमच्याकडची बरी रुई २८-२९ एमएम निघते. हा चोथा ओढला तर तुटला. पीठच. पुन्हा ओढला, पुन्हा पीठ. मग घरात जाऊन एक कोरं डायपर कात्रीनं उभं फाडलं. मी इतके दिवस समजत होतो की आत कापूस असतो. कापूस नसतोच. तो लाकडाचा लगदा, त्याचा तंतू दोन-तीन एमएमचा. त्यात साखरेसारखे पांढरे कण. ते कण ताटलीत झटकले, वर पेलाभर पाणी ओतलं, आणि बघता बघता ताटलीत साबुदाण्याच्या खिरीसारखा गोळा झाला. ताटली उलटी केली तरी थेंब पडेना. मग त्यावर चमचाभर मीठ टाकलं, तर गोळा विरघळायला लागला आणि पाणी सुटलं. हे कण म्हणजे सोडियम पॉलीअ‍ॅक्रिलेट. बाहेरचा पापुद्रा पॉलिथिनचा, अंगाला लागणारा वरचा थर पॉलिप्रॉपिलिनचा. बायको म्हणाली, "प्रयोग झाला असेल तर ताटली वेगळी ठेवा, ती पुन्हा जेवायला नको."

तिथून दुसरं काही बघायचं ठरलं.

पहिली उडी मारली ती 'बांबू'च्या डायपरवर, कारण त्यात काही धुवायचं नव्हतं. पाकिटावर हिरवी पानं, 'निसर्गाकडून बाळाकडे' अशा थाटाचं काहीतरी लिहिलेलं, आणि एका नगाला वीस रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दुकानात शेजारी ठेवलेल्या इतर पाकिटांवरही थोड्याफार फरकानं हेच लिहिलेलं होतं. वापरायला चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. वरचा थर मऊ लागतो, डायपरनं अंगावर येणारी लालीही कमी आली. पण हेही फाडलं. आत तेच पीठ, तेच साखरेचे कण, मागे तसाच न झिरपणारा पापुद्रा. बांबू होता तो फक्त अंगाला लागणाऱ्या वरच्या थरात. आणि तो बांबूही आपण समजतो तसा नव्हे. बांबूचा लगदा कॉस्टिक सोड्यात घालतात, कार्बन डायसल्फाइड लावून विरघळवतात आणि बारीक भोकांतून त्याचे धागे काढतात. म्हणजे व्हिस्कोस, आपला रेयॉन. निलगिरीच्या लाकडाचा केला असता तरी तोच झाला असता. अमेरिकेत तर तिथल्या व्यापार आयोगानं रेयॉनला नुसतं 'बांबू' म्हणून विकणाऱ्यांना दंड भरायला लावलेत.

'मातीत मिसळतं' हा दावाही मी तपासला, माझ्या पद्धतीनं. जूनच्या पहिल्या पावसानंतर आमच्या शेताच्या बांधावर दोन खड्डे केले, एक-एक वीत खोल. एकात न वापरलेलं बांबूचं डायपर, दुसऱ्यात फाटका मलमलचा लंगोट. वर दगड ठेवले. दिवाळीत उकरलं. लंगोटाच्या जागी काळी माती आणि मातीत एक लांब पांढरा दोरा, चौकोनी आकारात पडलेला. तो शिलाईचा धागा. पॉलिस्टरचा होता, म्हणून राहिला. कापड सगळं गेलं. डायपरचा वरचा थर कुजून गेला होता, लगदाही बराच गेला होता, पण मागचा पापुद्रा, कमरेचं रबर, चिकटपट्टी आणि तो चिकट गोळा सगळं तसंच. बांधावर एका माणसानं केलेला हा प्रयोग, त्याला प्रयोगशाळेचा मान नको. पण एवढं तरी ध्यानात घ्या की मी ते उघड्या मातीत, भर पावसात पुरलं होतं. तुम्ही टाकाल ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून, आणि जाईल ते कचऱ्याच्या डोंगराखाली, जिथं हवा पोचत नाही. हवा नसली तर केळीचं सालही नीट कुजत नाही.

एक तक्रार सगळ्याच पाकिटांबद्दल. वापरलेलं डायपर गुंडाळून टाकायला उत्पादकानं पिशवी किंवा कागद द्यावा असं २०१६ च्या घनकचरा नियमांत होतं. मी घेतलेल्या एकाही पाकिटात ती निघाली नाही. वर्तमानपत्रात गुंडाळा आणि ओल्या-सुक्यात न घालता वेगळं द्या. जाळू नका. आमच्या मागच्या गल्लीत जाळतात, तो वास गेल्या वर्षभरात मी चांगला ओळखायला लागलोय.

दुसरी उडी पॉकेट डायपरची. हे धुऊन वापरायचं. बाहेरून रंगीत कापड, त्याला आतून पाणी न झिरपणारा पातळ लेप, त्याला पीयूएल म्हणतात. आत मऊ अस्तर, दोन्हींच्या मध्ये खिसा, आणि खिशात सरकवायची शोषून घेणारी पट्टी. पुढे टिचबटणांच्या ओळी असतात, त्या लावून लहान-मोठं करता येतं, म्हणून तीन महिन्यांपासून दोन-अडीच वर्षांपर्यंत एकच चालतं म्हणतात. मार्चमध्ये ऑनलाइन सहाचा संच मागवला, अठराशे पन्नास रुपये. आईनं हातात घेऊन उलटंपालटं केलं. "हाई काय शे रे भाऊ? पोलकं शे का?" मी समजावलं. तिनं एकच विचारलं, "इतलं पानी कोठेन लयशी?" एवढं पाणी कुठून आणशील?

तिचा प्रश्न बरोबर होता आणि त्याचं उत्तर पाकिटावर लिहिलेलं नव्हतं. आमच्याकडे नळ रोज येत नाहीत. उन्हाळ्यात तर आठ-आठ दिवस वाट बघायची. दारात दोन हजार लिटरचं टाकं, गच्चीवर टाकी आणि वापरायला बोअरचं पाणी, ते इतकं जड की बादलीच्या काठावर पांढरा थर चढतो. या जड पाण्यानंच पॉकेट डायपरचा पहिला घात केला. संचाबरोबर आलेल्या पट्ट्या मायक्रोफायबरच्या होत्या. मायक्रोफायबर म्हणजे मुख्यतः पॉलिस्टरच. पाणी झटकन ओढतो, पण दाबला की तितक्याच झटकन सोडतो. दोन महिन्यांत जड पाण्याचे क्षार आणि साबण त्यात बसले, आणि सकाळी खोलीत पाऊल टाकलं की युरिया फोडल्यासारखा वास. जास्त पावडर टाकली, वास वाढला. कमी टाकली, तरी वाढला. शेवटी पट्ट्या कडक गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून रात्रभर भिजवल्या, मग साध्या पाण्यात फेस यायचा थांबेपर्यंत खळबळल्या. पाच वेळा. त्या पाच वेळांच्या पाच बादल्या कुठून आणल्या ते विचारू नका.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बायकोला माहेरी शिरपूरला सोडायला गेलो तेव्हाची गोष्ट. अमळनेरला गाडी बदलली, दुपारचं ऊन, एसटीत पाय ठेवायला जागा नाही, आणि पोरगी माझ्या मांडीवर. बेटावदच्या अलीकडे मांडी गरम लागली. मला वाटलं ऊन. ऊन नव्हतं. पट्टी भरलेली होती, मांडीवर तिचं वजन पडलं आणि दाबलेल्या मायक्रोफायबरनं जे करायचं ते केलं. सासुरवाडीच्या दारात मी पुढे पिशवी धरून उभा. सासूबाईंनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, आणि पाणी आणायला आत गेल्या ते हसू आवरायला, हे मला मेहुण्यानं नंतर सांगितलं.

दुसरा घात मी स्वतः केला. मे महिन्यात गच्चीवर पत्र्याच्या शेडवर सगळे सहा पॉकेट पसरून वाळत घातले. आपलं ऊन म्हणजे फुकटचं यंत्र, असा माझा हिशेब. जळगावचा पारा ४४ च्या वर, पत्रा किती तापला असेल ते तुम्हीच बघा. चार-पाच दिवसांनी दोन पॉकेटचा आतला लेप पापडासारखा फुगला आणि कापडापासून सुटला. आता त्यातून पाणी झिरपतं. पीयूएलला कडक ऊन चालत नाही. कव्हर सावलीत, दोरीवर, रबर न ताणता वाळवायचं. उन्हात घालायच्या त्या फक्त पट्ट्या आणि लंगोट. पिवळे डागही उन्हानंच जातात, ओल्यावर ऊन पडलं तर आणखी लवकर. ही सूचना पाकिटाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात होती. मी ती जूनमध्ये वाचली.

आता जे जमलं ते.

जळगावला फुले मार्केटात गेलो आणि मलमल घेतली. ३६ इंची पन्हा, ५५ रुपये मीटर, बावीस मीटर. दुकानदार म्हणाला, "कीर्तनकार का भाऊ? फेटे बांधायचेत?" म्हटलं हो, फेटेच, जरा खाली बांधायचेत. त्यातून ३६ बाय ३६ चे चोवीस चौकोन निघाले. आमच्या गल्लीत एक ताई घरी मशिन चालवतात, त्यांनी पाच रुपये नगानं कडा दुमडून दिल्या. दोरा सुती लावा असं सांगायला पाहिजे होतं, पण बांधावरचा तो पांढरा दोरा मी तेव्हा पाहिलेला नव्हता. एकूण खर्च १,३३० रुपये.

मलमल आणल्या आणल्या वापरू नका, हे मी जिनिंगवाला म्हणून सांगतो. कापसाच्या तंतूवर जन्मतःच मेणाचा पातळ थर असतो. बोंडातला कापूस पाण्यात टाका, कितीतरी वेळ तरंगतो. दवाखान्यातला कापूस टाका, लगेच बुडतो, कारण त्याचं मेण काढलेलं असतं. कोऱ्या कापडाला वरून खळही असते. म्हणून सोडा टाकून एकदा उकळायचं, मग दोन-तीन वेळा धुऊन वाळवायचं. पहिल्या धुण्यानंतर आमच्या मलमलवरून पाणी आळवाच्या पानासारखं ओघळत होतं. चौथ्या धुण्यानंतर थेंब टाकला की गायब. लोक इथंच फसतात, सुती पट्टी पहिल्या दिवशी गळली की 'कापडाचं काही खरं नाही' म्हणून कपाटात ठेवून देतात.

घडी अशी. चौकोन दोनदा दुमडला की चार पदर, मग त्याच्या तीन घड्या, म्हणजे बारा पदरांची अठरा इंच लांब आणि सहा इंच रुंद पट्टी. मुलगी असेल तर जास्तीची घडी मध्ये, मुलगा असेल तर पुढे. ही पट्टी पॉकेटच्या खिशात मायक्रोफायबरऐवजी सरकवायची. बाहेर जाताना हेच. दाबलं तरी गळत नाही, निदान तासा-दीड तासात तरी नाही. घरात पॉकेटही नाही. नुसता लंगोट आणि खाली मेणकापडावर दुपटं. आईचं म्हणणं पहिल्यापासून हेच होतं, "आंडेरले जरासं मोकयं ऱ्हाऊ दे." पोरीला जरा मोकळं राहू दे. लालीवर बालरोगतज्ज्ञांनीही निराळं काही सांगितलं नाही, फक्त त्याचे तीनशे रुपये घेतले.

मलमलचा खरा फायदा पावसाळ्यात कळला. बाजारात शिवलेल्या जाड सुती पट्ट्या मिळतात, तागासारखा धागा असलेल्या हेंपच्याही मिळतात. शोषायला त्या मलमलपेक्षा सरस. पण श्रावणात त्या वाळायला दोन दिवस लागतात आणि मधल्या थरात कुबट वास धरतात. मलमल उलगडली की एकच पदर. पंख्याखाली दोरीवर टाकली की तीन-चार तासांत हाताला कोरडी. सेमी ऑटोमॅटिकच्या स्पिनरमधून काढली तर त्याहून लवकर.

पाणी मी बादल्यांनी मोजलं. दिवसाला चौदा-पंधरा लंगोट. शीचे असतील ते आधी संडासात झटकायचे. मग बादलीभर पाण्यात नुसती खळबळ; शूचे लंगोट आधी, शीचे मागून. शूचं पाणी दारातल्या लिंबाला, त्यात साबण नावालाच असतो. दुसरी बादली पावडर आणि चिमूटभर सोडा घालून भिजवायला. तिसरी बादली शेवटच्या खळबळीला, आणि तेच पाणी झाकून उद्याच्या पहिल्या बादलीसाठी. पंधरा लिटरची बादली धरली तर नवीन पाणी तीस लिटर. आईच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच देता आलं. तिनं मान हलवली, पण हो म्हटली नाही.

दोन गोष्टींनी लंगोट पाणी ओढायचं सोडतात. एक, कपडे मऊ करायचं ते वासाचं द्रावण. दुसरी, मालिशचं तेल. आई सकाळी खोबरेल चोळते, आणि आंघोळीआधी लंगोट बांधला की मांडीचं तेल सगळं कापडात उतरतं. लालीचं मलमही तसंच करतं. तेलकट लंगोट वेगळे ठेवून कडक पाण्यातून काढावे लागतात. आम्ही मालिशीच्या वेळेला चार जुने लुगड्याचे तुकडे ठेवलेत, तेवढेच वापरतो.

पर्यावरणाचा प्रश्न कुणी विचारलाच तर, कापडाचं सगळंच चांगलं असं नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेनं २००८ मध्ये अडीच वर्षांच्या वापराचा हिशेब मांडला होता. टाकाऊ डायपरचा हवामानावरचा भार साधारण ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतका, आणि कापडी डायपरचा सरासरी ५७०. म्हणजे कापडी थोडा जास्तच! कारण तिथं गरम पाण्याचं मशिन आणि वाळवायचं यंत्र. मशिन पूर्ण भरून लावलं, बाहेर दोरीवर वाळवलं आणि तेच कपडे दुसऱ्या मुलाला वापरले, तर मात्र कापडाचा भार सुमारे २०० किलोनं उतरतो. आता आमच्याकडे पाणी हातानं ओतायचं, वाळवायला खानदेशचं ऊन, आणि लंगोट एका पोरावर संपवायचा रिवाज तर आपल्याकडे कधीच नव्हता. तोट्याची बाजू ती पाण्याची. आणि मलमल ज्या कापसाची, तो कापूसही फवारणीशिवाय येत नाही, हे ज्यानं सीझनभर कापसात काढलंय त्याला कुणी सांगायला नको. सेंद्रिय कापसाच्या पट्ट्याही मिळतात, त्यांवर जीओटीएस या सेंद्रिय कापडाच्या प्रमाणपत्राचा शिक्का असतो. दर पाहिला आणि पान बंद केलं.

रात्री आम्ही अजूनही एक साधं टाकाऊ डायपर घालतो. एक. कापडात ती दोन वाजता ओली होऊन उठते, तिच्यामागे बायको उठते, आणि बायकोला सकाळी शाळा. लांबच्या प्रवासातही तेच. कानबाईच्या सणाला घरात चाळीस माणसं, सगळं पाणी नैवेद्याच्या रोटांच्या पुरणावरणाला आणि भांड्यांना, तेव्हा दिवसभर पोरीला डायपरमध्येच ठेवली आणि मनाला काही लावून घेतलं नाही. दिवसाला सहाचं एक झालं, महिन्याला दीडशे वाचले. नग म्हणतोय, रुपये वेगळे.

तर घ्यायचं असेल तर माझं ऐका: मोठा संच घेऊ नका. सहा पॉकेट पुरतात, चारही पुरले असते. त्याच्याबरोबर येणाऱ्या मायक्रोफायबरच्या पट्ट्यांची फडकी करा, गाडी पुसायला उत्तम. आतल्या पट्ट्यांचा सगळा पैसा मलमलमध्ये घाला. धुवायला घरात कुणी नसेल, किंवा पाणी टँकरचं असेल, तर साधं डायपर वापरा आणि नीट गुंडाळून द्या; पण वीस रुपयांच्या बांबूच्या नादी लागू नका.

आता सीझन जोरात आहे, मी सकाळी सहाला लंगोट पिळून दोरीवर टाकतो आणि कामाला जातो. पोरीला चालता यायला लागल्यापासून ती दोरीखाली उभी राहून हाताला येतील तेवढे ओढते आणि डोक्यावरून घेऊन घरभर फिरते. फुले मार्केटच्या दुकानदाराचं म्हणणं काही खोटं नव्हतं. पारोळ्याच्या बहिणीला चैत्रात दिवस भरतात. चोवीसपैकी एकोणीस चौकोन धड आहेत, पॉकेट चार. दोन पॉकेटची रबरं ढिली झालीत, ती रविवारी गल्लीतल्या ताईंकडे टाकायची आहेत. सुती दोरा मीच घेऊन जाणार आहे.